बावीस तुंबलेले पुरुष

महिनाभरात या ओपीडीतले निम्मे पेशंट आपल्या टेबलासमोर असतील, असं डॉ. समीक्षा थूलने रुजू झाली त्याच दिवशी सिंदी मेघेतल्या घरी ठणकावून सांगितलं. का नसतील? मूत्ररोगातली मोठी पदवी, हातात सफाई, आणि हॉस्पिटल असं, की सकाळी पाय ठेवायला जागा नाही! हॉस्पिटलचे मालक प्रभाकरराव सरही मुलाखतीत म्हणाले होते, "मुतखडे म्हणू नका, प्रोस्टेट म्हणू नका, काम एवढं आहे की दोन वर्षांत तुम्ही माझ्या पुढे जाल!"

पुढे जाणं राहिलं बाजूला, तीन आठवडे ती नुसती पंखा बघत बसली. म्हातारे यायचे, दारावरची पाटी वाचायचे आणि विंचू दिसल्यासारखे मागे सरायचे. "मोठ्या डॉक्टरले दाखवाचं हाय!" शेवटी सरच म्हणाले, "तुम्ही आपल्या बायका बघा. पुरुषांसाठी मी एक मुलगा शोधतोय."

समीक्षाचं डोकंच फिरलं. प्रोस्टेटची ऑपरेशनं शिकण्यात घातलेली वर्षं काय पाण्यात टाकायची?

"सर, एक शनिवार मला द्या. धारेची तपासणी मी करते. एकही पुरुष माझ्याकडून ऑपरेशनला तयार झाला नाही, तर मी मुकाट्याने बायका बघेन!"

धारेची तपासणी म्हणजे तुडुंब पाणी पिऊन मशीनच्या नरसाळ्यात लघवी करायची; जोर किती ते कागदावर उमटतं. म्हणून रिसेप्शनवरच्या कमलाबाईंनी सगळ्यांना फोन केले, "लिटरभर पानी पिऊन येजा, अन् मधी कुठी जाऊ नोका. दहा वाजता!"

इथेच माशी शिंकली. कमलाबाई वीस वर्षं प्रत्येकाला दहाच सांगत आल्या होत्या. लोक आपल्या सवडीने अकरा ते एक येत, सर बाराला येत, कुणाचंच अडत नसे. पण या यादीत समुद्रपूरचे रिटायर्ड मधुकरराव मास्तर होते. त्यांनी कमलाबाईंकडून नंबर घेऊन सगळ्यांना फोन केले आणि एकाच एस.टी.त कोंबलं. ठोक दहाला बावीस पुरुष हजर, आणि मशीन एक!

"या मास्तर, पहिले तुम्ही," समीक्षा म्हणाली.

"सर येऊ द्या. आमी थांबतो." मास्तर बसले म्हणून बाकीचे एकवीसही बसले.

"सर ऑपरेशनमध्ये आहेत."

"थांबतो म्हनलं ना!"

"मग बाथरूमला जाऊन या. असं कोंडून ठेवू नका. तपासणी पुढच्या शनिवारी करू."

"काऊन? येवढं पानी पेलो, ते वाया घालवू का?"

साडेदहापर्यंत हॉलमधला एकही पाय सरळ राहिला नाही. त्यातले सोनबा काहीतरी पुटपुटले, तर शेजारचा कळवळला, "हसवू नोको बे, मरीन मी!" ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. बावीस माना वळल्या. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "सरांचा खडा अडकलाय. अजून तासभर!"

भांडून समीक्षाचा घसा कोरडा पडला होता. तिने कोपऱ्यातल्या फिल्टरचा नळ सोडला. ग्लासात धार पडू लागली.

"मॅडम, बंद करा तो नळ!" अख्खा हॉल ओरडला.

तिने ग्लास आपटला. आतापर्यंत जपलेली डॉक्टरी भाषा गेली आणि घरची बाहेर आली. "ऐका! अजून बसले तर लघवी अडकन, मंग एकेकाले नळी टाका लागन! अन् तेबी मीच टाकीन! समोर बाई हाय का बुवा, मूत्राशयाले काई समजत नाई. लाज तुमाले वाटून राह्यली, मले नाई!"

मास्तर गुडघे जुळवून कसेबसे उठले.

"चाला मॅडम."

मग मात्र झुंबड उडाली! दोघं बाथरूमकडे पळाले, एकाने मागच्या कंपाउंडमधला कडुनिंब गाठला. पण एकोणीस जणांचे आलेख निघाले. मास्तरांचा बघून समीक्षा म्हणाली, "इथे टेकडी दिसायला हवी मास्तर, तुमची नुसती रेघ आहे. दुर्बिणीनं ऑपरेशन करावं लागेल."

"तुमीच करसान?"

"मीच."

मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "करा. पन गावात सांगू नोका, लेडीज डॉक्टरनं केलं म्हनून."

तिला रागही आला, हसूही. "तुम्ही काय हवं ते सांगा. कागदावर नाव माझंच राहील!"

ऑपरेशन झकास झालं. "विशीतली धार हाय मॅडम!" असा मास्तरांचा फोन आला, आणि सरांनी मुलगा शोधणं बंद केलं. समीक्षा आठवडाभर जमिनीपासून वीतभर वरून चालत होती.

पुढच्या सोमवारी समुद्रपूरहून पाच म्हातारे आले. काउंटरवर हात आपटून म्हणाले, "मास्तरचं ऑपरेशन ज्या डॉक्टरनं केलं, त्यायलेच दाखवाचं हाय. दुसरं कोनी नाई पायजे!"

समीक्षा हाताची घडी घालून दारातच उभी होती. "मीच ती डॉक्टर. या, बसा."

पाचही जण आत येऊन बसले. कमलाबाई फाइली घेऊन आल्या, तेव्हा त्यातले सगळ्यात वयस्कर आजोबा त्यांच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "बाई चांगल्या हाय हो. पन डॉक्टर कवा येनार हाय?"