दुधाचं गृहीतक

बिसेन सरांना सहज "आज फार उकडतंय" म्हटलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "कशाच्या तुलनेत?" गोंदियाच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर संशोधन पद्धती शिकवली. निवृत्त होऊन दवनीवाड्याला आले, आणि विद्यार्थी सुटले, आम्ही शेजारी सापडलो.

पंगतीत कुणी वरण खारट म्हणालं की सर विचारणार, नमुना किती जणांचा? मांजर आडवं गेलं म्हणून बस चुकली, असं माझी आई एकदा बोलून गेली. मांजर आडवं न जाता किती वेळा बस चुकली, तेही सरांना हवं होतं. "मांजर परवडलं," आई म्हणते, "पण सर आडवे जाऊ नयेत."

सरांना पुरून उरल्या त्या एकट्या काकू, त्यांच्या पत्नी. सरांनी पुरावा मागितला की त्या म्हणत, "मी सांगून राहिली ना, तोच पुरावा." सर मुकाट्यानं जेवायला बसत.

दिवाळीनंतर काकू गेल्या. घरच्या म्हशीची धार त्याच काढत. आता सर बसू लागले, आणि म्हैस पान्हा चोरू लागली, दूध निम्म्यावर आलं. विकून टाका, असं मुलानं नागपूरहून कळवलं. कारण सिद्ध झाल्याशिवाय विकणार नाही, असं सरांचं उत्तर. जवळच्या बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ विमानांना म्हैस बिचकते, हे त्यांचं गृहीतक. पडताळा म्हणून तिला कोहमाऱ्याला साडूकडे नेऊन बांधली. तिथे विमानं नव्हती, पण हायवेचे ट्रक होते. दूध तेवढंच. तिला परत आणून मग पेंड बदलली, पाणी बदललं, शेवटी तिचं तोंडसुद्धा उत्तरेला केलं. काकूंच्या हाताची सवय असेल, असं मी एकदा सुचवलं, तर सर उखडले. "भावनेले पुरावा म्हणत नाही."

अखेर मुलानंच गिऱ्हाईक ठरवलं. ते रविवारी येणार होतं.

त्या सकाळी मी दूध आणायला गेलो. सर काकूंचं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन धार काढत होते. चरवी फेसानं भरत आली होती. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

"काय पाहून राहिला? प्रयोग आहे," सर म्हणाले.

"मग झालं ना सिद्ध, सर?"

त्यांनी पदर नीट केला. "एका दिवसावरून निष्कर्ष काढत नाही बापा. रोज करून पाहा लागन."

गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी त्याला फाटकातच गाठलं. म्हैस विकायची नाही, म्हटलं, प्रयोग चालू आहे.