भांडणाचा बटवा

अण्णाजींनी माझ्याकडून पहिल्यांदा दहा रुपये घेतले, ते मी त्यांच्यावर ओरडले म्हणून.

झाशीत येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. नवऱ्याची इथल्या कारखान्यात बदली झाली आणि ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत वरचा मजला भाड्याने मिळाला. घरमालक मराठी निघाले म्हणून मी हरखून गेले होते. एका सकाळी ऐन अंघोळीच्या वेळी नळाचं पाणी गेलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून तरातरा खाली गेले, तर हे गृहस्थ पाण्याची मोटार बंद करून स्टुलावर निवांत बसलेले. "विजेचा बटवा आज जरा तंगीत आहे," म्हणाले. मी मुळात सांगलीची, त्यात तोंडाळ. जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोटार चालू केली आणि माझ्यापुढे तळहात पसरला.

"दहा रुपये."

"कसले?"

"आवाज पहिले तुमचा चढला, बिटिया. या घरचा कायदा आहे. किरायेदारांनाही लागू."

आतून एका बाईचा आवाज आला, "देऊन टाका हो. मी लग्नापासून देतेय. आता काही वाटत नाही."

या सुमनकाकू. अण्णाजींच्या पत्नी. मी दहा रुपये दिले आणि वर येऊन नवऱ्याला म्हटलं, घर बदला, खाली वेडा माणूस राहतो.

घर काही बदललं नाही. वेड मात्र हळूहळू समजत गेलं.

अण्णाजींचं घराणं सात-आठ पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. ते स्वतः सरकारी कचेरीत कारकून होते, आता पेन्शनीत. बोलतात मराठीच, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कधी हिंदीत उतरेल याचा नेम नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेतून पेन्शन काढून आणायची, सगळी रोख. मग मधल्या खोलीत सतरंजी घालायची आणि भिंतीवरच्या खुंट्यांवरून आठ बटवे उतरवायचे. सगळे काकूंनी जुन्या कपड्यांचे शिवलेले. दुधाचा अण्णाजींच्या पांढऱ्या सदऱ्याचा, वाण्याचा एका पडद्याचा, औषधाचा मुलाच्या शाळेच्या चड्डीचा. त्याखेरीज विजेचा, भाजीचा आणि आल्यागेल्याचा. सातवा काकूंच्या हातखर्चाचा आणि आठवा भांडणाचा.

एका बटव्यातले पैसे दुसऱ्यात जायचे नाहीत. अगदीच वेळ आली तर उसने घ्यायचे आणि चिठ्ठी टाकायची. मी स्वतः वाचलेली चिठ्ठी अशी: 'विजेने दुधाकडून चाळीस घेतले. उन्हाळा आहे, समजून घ्यावं.' बटवे जणू घरातली माणसं होती. "भाजीबाई या महिन्यात फार उधळ्या झाल्या," असं ते चक्क भाजीच्या बटव्याकडे बघून म्हणायचे. काहीही विचारलं की ठरलेलं उत्तर, "बटव्याला विचारावं लागेल."

एकदा समथरहून त्यांचे मावसभाऊ आले, महिन्याच्या सत्तावीस तारखेला. अण्णाजींनी आल्यागेल्याचा बटवा उतरवला, उलटा करून झटकला आणि पाहुण्याला दाखवला. "भैया, चहा मिळेल, तो दुधाच्या खात्यातून. बिस्किटं एक तारखेनंतर." तो बिचारा नुसता चहा पिऊन गेला. मला हसू आवरेना. काकू मात्र माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या. त्यांनी त्याच्या पिशवीत आपल्या हातखर्चातले पेढे आधीच सरकवले होते.

मी एकदा त्यांना फोनवरून पैसे देणं शिकवायला गेले. आमचा पगार वीस तारखेपर्यंत कुठे जातो ते आम्हा दोघांना कळत नाही, आणि मी चालले शहाणपण शिकवायला. अण्णाजींनी फोन उलटसुलट करून पाहिला. "याला खुंटीला कुठून टांगायचं?" म्हणाले. संपला विषय. भाडंसुद्धा रोखच द्यावं लागायचं.

आता भांडणाच्या बटव्याचं सांगते. तो काकूंच्या लग्नातल्या हिरव्या शालूच्या तुकड्याचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघांची इतकी भांडणं झाली की काकू चिडून म्हणाल्या, आवाज चढवायला पैसे पडले असते तर तुमची जीभ ताळ्यावर राहिली असती. अण्णाजींनी तो प्रस्ताव जागच्या जागी मंजूर केला. ज्याचा आवाज पहिले चढेल त्याने बटव्यात टाकायचे. पूर्वी चार आणे, मग रुपया, आता दहा. बटवा सांभाळायचा काकूंनी, म्हणून त्याची खुंटी त्यांच्या खाटेच्या उशाशी. दिवाळीच्या पाडव्याला तो रिकामा करायचा, रिक्षाने लक्ष्मी तालच्या तळ्यावर जायचं, महालक्ष्मीचं दर्शन घ्यायचं आणि उरलेल्या पैशांची कचौरी-जिलबी खायची. ज्या वर्षी भांडणं कमी झाली त्या वर्षी जिलबी एकात दोघांनी खाल्ली म्हणे. "म्हणून दसऱ्यानंतर मी जरा जास्त भांडते," काकूंनी मला सांगितलं होतं.

गेल्या श्रावणात काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्या नुसत्या छताकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना कितपत समजतं ते आज सांगता येणार नाही. तो 'आज' मग संपलाच नाही.

अण्णाजींनी काही बदललं नाही. पहिल्या तारखेला सतरंजी काकूंच्या खाटेजवळ घालायची. बटवे उतरवायचे. "सुमन, दूध महागलं. वाण्याचे पन्नास कापू का?" विचारायचे आणि थांबायचे. चांगली पाच-पाच मिनिटं थांबायचे. मग स्वतःच म्हणायचे, "बरं, नाही कापत." काकूंच्या हातखर्चात दहाच्या तीस कोऱ्या नोटा मोजून घालायचे आणि तो बटवा त्यांच्या डाव्या हाताशी खाटेला बांधायचे. पुढच्या पहिल्या तारखेला तीसच्या तीस निघायच्या. तरी पुन्हा मोजून पुन्हा बांधायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "अण्णाजी, त्या कशाला खर्च करणार आहेत आता? औषधाच्या बटव्यात टाका ना."

"तिचा वाटा आहे," ते म्हणाले. "तिला विचारल्याशिवाय कसा हलवू?"

भांडणाचा बटवा तसाच टांगलेला. एकटा माणूस भांडणार कोणाशी? मग ते जिना चढून माझ्याकडे यायला लागले. तुमच्या कुंडीचं पाणी खाली पडतं, तुमचा कुकर सहा शिट्ट्या का देतो, तुमच्या चपला आवाज करतात. मी पडले चिडकी, आवाज चढायचाच. ते दहा रुपये घ्यायचे आणि समाधानाने खाली जायचे. नवरा म्हणायचा, म्हातारा तुला लुटतोय. मला कळत होतं. पाडव्याला काकूंना नेता आलं नाही, तेव्हा बटवा रिकामाही केला नाही त्यांनी.

त्यांचा मुलगा मिलिंद नोएडाला असतो. चांगला मुलगा आहे, उगाच वाईट का म्हणू? दर महिन्याला येऊन जायचा आणि एकच गोष्ट सांगायचा, "बाबा, दोघं तिकडे चला. आईला काही कळत नाहीये. तिला इथे काय आणि तिथे काय, सगळं सारखंच." अण्णाजी म्हणायचे, तिला सगळं कळतं. मिलिंद म्हणायचा, कशावरून? "तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," एवढंच म्हणायचे. आणि रोज विचारायचे. झाशी सोडायची का, सुमन? काकू छताकडे बघायच्या.

होळीनंतर अण्णाजी थकले, भांडायला वर येणंही थांबलं. काकूंच्या खाटेवर बसूनच त्यांनी मुलाला फोन केला आणि म्हणाले, "ये गाडी घेऊन. तुझंच खरं असेल. हिला नाही कळत काही." मी तेव्हा तिथेच होते. त्या माणसाने आयुष्यभर धरलेली एक गोष्ट सोडून दिली, असं मला वाटलं आणि माझे डोळे भरून आले. जायचा दिवस ठरला, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार.

त्या महिन्याची पहिली तारीख आली. शेवटचा हिशेब म्हणून अण्णाजींनी मलाही बोलावलं. सतरंजी घातली, भांडणाचा तेवढा राहू देऊन बाकीचे बटवे उतरवले. काकूंच्या हातखर्चाचा बटवा खाटेवरून सोडला, त्यातल्या नोटा मोजायला बसले आणि थांबले. पुन्हा मोजलं. मग पैसे माझ्याकडे दिले.

"बिटिया, तुम्ही मोजा."

मी मोजलं. तेरा नोटा होत्या. सतरा कमी.

अण्णाजींचा चेहरा उतरला. या घरात आजवर रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. ते कुणाचं नाव घेईनात. मीच घेतलं. कमला नावाची बाई सकाळ-संध्याकाळ काकूंचं अंग पुसायला येते. "तीच एकटी असते यांच्याजवळ," मी म्हटलं. "आणि कोण घेणार? यांना कुठे कळतंय म्हणून हात मारला असेल. थांबा, उद्या येऊ दे, चांगली फैलावर घेते." बोलता बोलता माझा आवाज चढला. कमला त्या गल्लीतली सगळ्यात सरळ बाई आहे, हे मला ठाऊक असूनही मी हे बोलले.

खाटेवरून घशातून काढलेला एक आवाज आला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. काकूंचा डावा हात उशाशी गेला होता. बोटं हिरव्या बटव्यापाशी चाचपडत होती. एकदा धरला, सुटला. पुन्हा धरला. आणि ओढला. बटवा खुंटीवरून निघाला, उशीवर आपटला आणि तिथून खाली सतरंजीवर पडला.

अण्णाजींनी तो उघडला. वर चुरगळलेल्या नोटा होत्या. अण्णाजी नोट चार घड्या घालून ठेवतात, माझ्याकडच्याही तशाच घडी करून टाकायचे. या मात्र मुठीत दाबून गोळा केलेल्या होत्या, कागदाचा बोळा करतात तशा. एका हाताने नोटेची घडी घालता येत नाही. त्यांनी एकेक उलगडून सतरंजीवर ठेवली. सतरा.

मग हलकेच म्हणाले, "भांडत होती हो. महिनाभर माझ्याशी भांडत होती आणि मी आपला समजतोय की..." मग एकेक नोट उचलून काकूंना विचारायला लागले. "ही फोनच्या दिवशीची? ही त्या अळणी खिचडीची? आणि ही? रेडिओ मोठा लावला होता ती?" काकू आता छताकडे बघत नव्हत्या. त्या अण्णाजींकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं.

"जायचं नाही ना?" अण्णाजींनी विचारलं.

काकूंनी मान हलवल्यासारखी केली. मी तर शपथेवर सांगेन, हलवली. मग त्यांनी डावा हात खाटेबाहेर काढला आणि तळहात पसरला. माझ्यापुढे.

मला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा कमलाचं नाव घेतल्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. वर धावत गेले. आमच्याकडे सगळं फोनवर, घरात दहाची नोट सापडेल तर शपथ. डबे शोधले, पर्स उलटी केली, शेवटी नवऱ्याच्या धुवायच्या पँटच्या खिशात एक मळकी नोट सापडली. ती घेऊन खाली आले आणि काकूंच्या हातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. नोटेचा हळूहळू बोळा केला.

अण्णाजी तोपर्यंत खाटेला टेकून खाली बसले होते. मुलाला फोन करून झाला होता. "रविवारी ये," एवढंच म्हणाले होते त्याला, "पण जेवायला ये. आईचं नाही म्हणणं आहे." त्यांच्या मांडीवर बाकीचे सगळे बटवे होते आणि ते दुधातून, विजेतून, भाजीतून दहा-दहाच्या नोटा काढून काकूंच्या बटव्यात भरत होते. चिठ्ठी कशातच टाकत नव्हते. मी विचारलं, हे काय, अण्णाजी?

"या महिन्यापासून हिला पन्नास नोटा," डोळे पुसत ते म्हणाले. "तीसात हिचं भागायचं नाही."