चावीचा कॅमेरा

घड्याळाला देतात तशी आमच्या शेजारचे मधुकरभाऊजी कॅमेऱ्याला चावी देतात. कॅमेरा जुना, रोलचा. त्याच्या बुडाशी स्प्रिंगची मोटार आहे. चावी पिळून ठेवली की फोटो निघताच रोल आपोआप पुढे सरकतो. "अंगठ्याले आराम," म्हणतात. घाटंजीच्या बाजारात लोक विचारतात, "भाऊ, फोटो काढून राह्यले का दळण?"

आमची भिंत एकच. आत रोल असला की मोटार जड वाजते, घर्रर्र. रोल नसला की हलकी, चुर्र. मला भाकरी थापतानाही कळतं.

त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत माणूस आधी दोन दोन दिसतो म्हणे. दोन्ही जुळले की बटण दाबायचं. म्हणून भाऊजी सगळ्यांवर ओरडतात, "थांब बे, अजून दोन दिसून राह्यला तू!" एका लग्नात अंतरपाट निघाला, नवरदेवाला शिंका सुटल्या आणि भाऊजींचं बोट बटणावरच राहिलं, फोटो निघतच गेले. सगळा रोल शिंकांत गेला. नवरदेवाचा बाप म्हणाला, "हा लग्नाचा अल्बम हाये का सर्दीचा?"

मग कापूस बुडाला. जिनिंगचा कारखाना बंद पडला. आमचे हे तिथेच कामाला होते. त्यांनी बोलणं सोडलं. दुपारी निघून जायचे, कुठे ते सांगायचे नाहीत. तेव्हा आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या. दिवस कलला की माझा जीव रस्त्याकडे. विचारायची हिंमत नव्हती.

हे परतताना भाऊजी रोज रस्त्यात आडवे. "गजानन, थांब. तुहा फोटो काढतो." बटण दाबायचे आणि कपाळावर हात मारायचे. "बिघडला! डोळे मिटले तू. उद्या याच टायमाले ये."

"कायले, भाऊ?"

"कायले म्हंजे? रोल काय फुकट येते?"

हे चिडायचे. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परतायचे.

मला भाऊजींचा राग यायचा. एकदा मी दाराआड उभी राहिले. मोटार वाजली. चुर्र.

कॅमेऱ्यात रोल नव्हताच.

दुसऱ्या दिवशी अंधार पडत आला तरी हे आले नाहीत. भाऊजी रस्त्यात उभेच. मी चहा घेऊन गेले. त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "भाऊजी, आज उशीर होऊन राह्यला."

"येते, वहिनी. येते तो." चहा घेतला नाही. पिळलेलीच चावी पिळत राहिले.

वळणावर हे दिसले.

"थांब बे!" भाऊजींचा आवाज फाटला. "अजून दोन दिसून राह्यला तू!"

कॅमेरा त्यांनी डोळ्याला लावलेलाच नव्हता.