एकोणचाळीस मिनिटं कोपऱ्यात

"ओरडायचं नाही, हे तुला किती वेळा ओरडून सांगू?" शिंपी एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून त्याच्या खिडकीकडे बघायला लागले.

त्याच्या सहा वर्षांच्या लेकीने बटणांचा डबा फेकला होता. कोटाला लावायची चार बटणं आता जमिनीवरच्या दीडशे बटणांत हरवली होती, आणि गिऱ्हाईक कोट न्यायला अकराला येणार होतं.

या घरात नियम होता. शाळेतल्या पालकसभेतून बापानेच तो आणला होता आणि नव्या जावयासारखा मिरवला होता. जो ओरडेल त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर शांत बसायचं, जेवढं वय तेवढी मिनिटं, हात रिकामे. महिन्याभरात लेक अकरा वेळा बसली होती. बाप एकदाही नाही! आवाज त्याचाच मोठा, तरी ओरडण्याचा मक्ता जणू त्याच्या एकट्याच्या नावावर होता, आणि त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं.

"बाबा, तू ओरडलास," लेक म्हणाली. "स्टूल."

"अगं, मी ओरडलो नाही. समजावलं."

"परवा मी पण समजावतच होते."

"गिऱ्हाईक येतंय! त्यांची बाराला मुलाखत आहे!"

"मला पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. तू म्हणालास, नियम म्हणजे नियम."

बापाने हातातली सुई खाली ठेवली. तो बसला. एकोणचाळीस मिनिटं! स्टूल एवढंसं, गुडघे हनुवटीला टेकलेले. राग शांत होणं राहिलं बाजूला, तो दर मिनिटाला वाढत होता.

पंधराव्या मिनिटाला गिऱ्हाईक टाय बांधूनच आत आलं. "कोट कुठाय? आणि तुम्ही तिथे काय करताय?"

"शिक्षा भोगतोय. हिने बटणं फेकली."

"का गं फेकलीस?" गिऱ्हाइकाने विचारलं. इतक्या वेळात हा साधा प्रश्न बापाला सुचला नव्हता.

"माझ्या बाहुलीचा झगा," लेक म्हणाली. "तीन आठवडे उद्या देतो, उद्या देतो म्हणतो."

गिऱ्हाईक लालबुंद झालं. "अहो, माझा कोटही तीन आठवडे उद्याच देताय! हिने नुसता डबा फेकला. मी असतो तर मशीन फेकलं असतं!"

मग पन्नाशीचा तो माणूस इस्त्रीच्या पँटीत जमिनीवर बसला आणि त्याने आणि लेकीने मिळून बटणं शोधली. उरलेली मिनिटं संध्याकाळी, या बोलीवर लेकीने बापाला सोडलं. पावणेबाराला कोट अंगात घालत गिऱ्हाईक पळालं, पण दारातून बजावून गेलं, "झगा आज. उद्या नाही!"

झगा झाला. बापाला वाटलं, बाकी मिनिटं लेक विसरली असेल. कसली विसरतेय! दिवेलागणीला तिने बोट दाखवलं आणि बाप मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसला.

थोड्या वेळाने ती उशी घेऊन आली आणि त्याच्या पायाशी टेकून बसली.

"तू कशाला? तू कुठे ओरडलीस?"

"एकटं बसवलं की राग जात नाही," ती म्हणाली. "रडूच येतं नुसतं."