बल्बाचं सोवळं

मंडळी, छातीठोकपणे सांगावं असं माझ्याजवळ फार थोडं आहे. पण बल्ब बदलायला अक्कल लागत नाही, हे मी कुणालाही सांगू शकतो. जुना काढायचा, नवा बसवायचा, बटण दाबायचं. चौसाळ्यात सप्ताहाचा मंडप उभा राहिला की विणेकऱ्याच्या आधी लोक मला शोधतात ते उगीच नाही.

म्हणून आमच्या प्रोजेक्टरचा बल्ब उडाला तेव्हा मी मावशीला म्हणालो, "एवढंच ना? महाराजांच्या पुण्यतिथीच्या आत बसवतो."

मावशी म्हणजे तुळजाबाई, माझ्या आईची धाकटी बहीण. आता आमच्याच घरी असते. तिचे यजमान राधाकिशन महाराज कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनाला भांडणारी भावकीसुद्धा एका सतरंजीवर बसायची. उठल्यावर पुन्हा भांडायची, ती गोष्ट वेगळी. महाराजांना जाऊन जमाना झाला, त्यांचा आवाज कुठंच राहिला नाही. राहिली ती फिल्मची एक रीळ. गावात तेव्हा जनावरांचे एक डॉक्टर होते, त्यांना कॅमेऱ्याचा नाद. एका सप्ताहात त्यांनी महाराजांचं कीर्तन टिपलं, तेही मुकं. बदली झाली तेव्हा रीळ आणि ती दाखवायचं मशीन, दोन्ही मावशीच्या ओटीत घालून गेले.

दरवर्षी माघात, पुण्यतिथीला, आम्ही भिंतीवर धोतर ताणतो आणि ती रीळ लावतो. ओठ महाराजांचे, आवाज माझा. शेजारचा सोमेश्वर पखवाज धरतो. माझं आणि महाराजांचं फारसं जुळत नाही. ते पाणी पितात तेव्हा माझी तान चालू असते, ते हात उंचावून गातात तेव्हा मला खोकला येतो. तरी मावशी पदर डोळ्याला लावते. तेवढ्यासाठी आम्ही ती रीळ वर्षभर तांदळाच्या डब्यापेक्षा जास्त जपतो.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. मावशीला काचबिंदू झालाय. बीडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणजे महाराजांना डोळे भरून बघायची तिची ही शेवटची पुण्यतिथी. आणि नेमका यंदाच मशीनच्या पोटात अंधार.

माझी बायको राजनंदिनी म्हणाली, "अवो, रीळ पुण्याला धाडा ना. मोबाईलमधी घालून देतेत म्हणं."

"माणसाएवढे महाराज तिला धड दिसना झालेत, आन् तू त्यांना तळहाताएवढे करतीस व्हय?"

मी जुना बल्ब रुमालात बांधला आणि बीडला जावेदकडं गेलो. जावेदचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्यानं रुमाल सोडून बघितलं. वाटीएवढा चकचकीत आरसा आणि त्याच्या मध्यात हरभऱ्याच्या घाट्याएवढा काचेचा बल्ब.

"भाऊ, हे काय हाय?"

"सिनेमाचा बल्ब. बारा व्होल्ट, शंभर वॅट. मशीनवर लिवलेलं हाय."

"मग हेडलायटीचा न्या की. बाराच व्होल्ट ऱ्हातो. जीपला लावला तर मांजरसुंब्याचा घाट दिवसावाणी दिसतो."

घाट दिसतो म्हटल्यावर महाराज का दिसणार नाहीत? घेतला. घरी आणला तर तो खोबणीत बसेना. तारेनं आवळून बसवला. बटण दाबलं आणि लख्ख उजेड पडला. आढ्यावर पडला, देवळीत पडला, सोमेश्वरच्या तोंडावर पडला. एका धोतरावर तेवढा पडला नाही. उजेड पुढं ढकलायचा तो वाटीचा आरसा, आणि वाटी तर मी जुन्या बल्बासोबत बाजूला काढून ठेवलेली.

सोमेश्वर डोळे चोळत म्हणाला, "बजरंग, यंदा माझंच कीर्तन लावतो का काय?"

मग मी मोबाईलवरून बल्ब मागवायचं ठरवलं. वाटीचे बल्ब निघाले, पण नाना तऱ्हेचे. एक बारा व्होल्ट, शंभर वॅट. दुसरा अगदी तसाच दिसणारा, पण चोवीस व्होल्ट, अडीचशे वॅट. मशीनवर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. पण मंडळी, देवाच्या कामात हात आखडता घ्यावा का? मावशीची नजर अधू, तर उजेड दुप्पट पाहिजे. मी मोठा मागवला.

आला, खोबणीत चपखल बसला आणि विडी पेटावी तसा पेटला. मशीन देणार बाराच व्होल्ट, ह्याची भूक चोविसाची. अर्धपोटी गडी जसा कुदळ मारतो तसा तो उजेड मारत होता. धोतरावर काहीतरी हलत होतं. महाराज असतील, धूर असेल, म्हैसही असेल.

"महाराज अजून समाधीतून उठले न्हाईत वाटतं," सोमेश्वर म्हणाला.

मावशी तेवढी म्हणाली, "चालतंय की रे. ऱ्हाऊ दे आता. लई धावलास."

तिचं मन मोठं. पण मी हट्टाला पेटलो होतो, निदान त्या बल्बापेक्षा बरा पेटलो होतो. मुकाट्यानं बारा व्होल्ट, शंभर वॅट मागवला. तो आला थेट पुण्यतिथीच्या सकाळी.

खोक्यावर एक चित्र होतं. माणसाचा पंजा, आणि त्याच्यावर लाल फुली.

राजनंदिनीनं विचारलं, "हात कावून लावायचा न्हाई?"

"कावून म्हंजे? गाभाऱ्याबाहेर पाटी असती का न्हाई, तसं हाय हे. पारोसा हात चालत न्हाई."

इतकी वर्षं कीर्तनं ऐकलेल्या माणसाला एवढं कळत नाही होय? बल्ब बनवणारे कुठल्या का मुलुखाचे असेनात, त्यांना सोवळं कळतं हे बघून मला भरून आलं. मी अंगाला तेल चोळून न्हालो. धुवट धोतर नेसलो. बल्ब पाटावर ठेवला. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला पूजतो, पाट्या-वरवंट्याला पूजतो. मग ज्याच्या पोटातून महाराज प्रकट होणार, त्याला कोरडं ठेवायचं? हळद लावली, कुंकू लावलं, करंगळीजवळच्या बोटानं त्या इवल्याशा काचेवर अष्टगंध रेखला, वर चिमूटभर बुक्का. निरांजन ओवाळलं. मग त्याच सोवळ्या हातानं बसवला. दिवसा चालवून बघू म्हणाली राजनंदिनी. मी म्हणालो, नैवेद्याची चव आधी घेतात का?

संध्याकाळी माजघर भरलं. टाळकरी बसले, सोमेश्वरनं पखवाजाला कणीक लावली. जावेदसुद्धा आला होता, आपल्या हेडलायटीला हरवणारा बल्ब कसला ते बघायला. मावशीला मी हाताला धरून सगळ्यांत पुढं बसवलं. बटण दाबलं.

काय सांगू. धोतरावर असा शुभ्र उजेड पडला की टाळकऱ्यांच्या तोंडून आपोआप "विठ्ठल, विठ्ठल" निघालं. मी गायला लागलो. पण दोनदा पोळलेला माणूस मी, माझी नजर मशीनच्या फटीतून बल्बावर. जळतोय ना नीट? विडी तर होत नाही ना? तेवढ्यात फोडणी करपल्यासारखा हळदीचा वास आला. बल्ब एका बाजूनं फुगल्यासारखा वाटला. आणि फट्कन आवाज होऊन सगळीकडं काळोख.

सोमेश्वरचा पखवाज थोडा पुढं चालत गेला, आपण एकटेच आहोत हे कळल्यावर थांबला.

जावेदनं मोबाईलची बत्ती लावली. आत डोकावून काचेचा तुकडा चिमटीत धरला.

"भाऊ, हे पिवळं काय हाय?"

"हळद."

"बल्बाला?"

"आन् कुंकू. अष्टगंध. बुक्का."

जावेद हळूच म्हणाला, "ह्या काचेला बोटाचं तेल लागलं तरी तापून फुटती, भाऊ. म्हणून तर हात लावू नका म्हणतेत. हेडलायटीचंबी तसंच ऱ्हातं."

"मग दुकानात कावून बोलला न्हाईस?"

"तुमी त्याला गंध लावताल, हे मला काय ठावं?"

माणसं एकेक करून उठली. मयताहून उठतात तशी, जाताना "रामकृष्ण हरी" म्हणत, हलक्या आवाजात. प्रसादाचा शिरा तसाच राहिला. राजनंदिनी काचा वेचायला बसली.

मी मावशीजवळ जाऊन बसलो. "मावशी, माझ्यामुळं तुझं बघायचं राहिलं गं."

"माझं काय ऱ्हातंय," ती म्हणाली. "मला दिवाळीपासून काईच दिसत न्हाई."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तू बल्बासाठी एवढा पळत होतास. म्हनलं, पळू द्यावं. त्याला तरी दिसतील, तो सांगल मला." तिनं माझा हात चाचपून धरला. "सगळे विठ्ठल म्हनले तवा कळलं मला, आले म्हणून. सांग की रे. यंदा कसे दिसत व्हते?"

मी मान खाली घातली. मग ध्यानात आलं, ते तिला दिसणार नाही. तोंडानंच सांगावं लागलं.

"मावशी, मी बल्बाकडं बघत होतो."