मास्तरांच्या गाडीचा झटका

"ब्रेक कसा दाबायचा, हे निम्म्या गावाला मी शिकवलंय," मास्तर म्हणाले. "आणि माझीच गाडी मला झटके देते म्हणजे काय?"

मास्तरांनी सगळा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढला होता. निवृत्त होताना त्यांनी स्कूलचीच जुनी गाडी घरी आणली. गाडी ठणठणीत होती, फक्त ब्रेक दाबला की असा हिसका मारायची की मास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा.

उद्या लेकीकडे जायचं होतं. नात झाल्यापासून तिचं तोंड मास्तर आणि मास्तरीणबाईंनी फक्त फोनवर पाहिलेलं, आणि रस्ता सगळा उताराचा.

"असल्या ब्रेकवर मी जाणार नाही. झटका गेला तर जाऊ, नाहीतर पुढे बघू," मास्तरांनी जाहीर केलं.

मास्तरीणबाईंनी नातीसाठी विणलेलं टोपडं कधीच पिशवीत भरून ठेवलं होतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

गॅरेजवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याने ब्रेकचे पॅड बदलले, चाकं काढून परत बसवली आणि मास्तरांना मोकळ्या रस्त्यावर एकट्यालाच चक्कर मारायला लावली. गाडी अलगद थांबली. मास्तर खुशीत घरी गेले आणि बायकोला शेजारी बसवून निघाले. पहिल्याच चौकात हिसका. चष्मा शेंड्यावर.

"वजनाचा प्रश्न दिसतोय," मास्तरांनी निदान केलं.

"कोणाच्या?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी गॅरेजवर जाऊन शेजारच्या सीटवर सिमेंटची गोणी ठेवली, तिला पट्टाही लावला आणि गावभर फिरवून आणलं. एकही झटका नाही.

"गोणी गप्प बसते," ते गॅरेजवाल्याला म्हणाले. "हिचं सारखं 'हळू, हळू' चालू असतं. त्याने गाडी बिचकते."

शेवटी गॅरेजवालाच चालवायला बसला. मास्तर शेजारी, मास्तरीणबाई मागे. वळणावर एक हातगाडी आडवी आली आणि असा हिसका बसला की गॅरेजवाल्याचं कपाळ स्टिअरिंगला टेकलं.

"बघ! आला की नाही?" मास्तरांचा आनंद गगनात मावेना.

"अहो, आधी पाय काढा," मागून शांत आवाज आला.

"कोणाचा?"

"तुमचा. रोज त्या ब्रेकवर माझा असतो, आज तुमचा आहे."

दोघांनी खाली पाहिलं. शिकवणाऱ्यासाठी शेजारच्या सीटपुढे बसवलेला दुसरा ब्रेक जिथल्या तिथे होता आणि त्यावर मास्तरांचा बूट. इतकी वर्षं तो पायाखाली असल्यामुळे तो सगळ्याच गाड्यांना असतो, असं मास्तर धरून चालले होते. गॅरेजवालाही त्याच गाडीवर शिकलेला. त्यालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

"आणि तू तो दाबत होतीस? बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलाय. तुम्हाला दाबायला उशीर होतो, म्हणून मी दाबते. मग तुम्ही पण दाबता."

"उशीर? मला?"

हे मास्तरांच्या फारच जिव्हारी लागलं. त्यांनी तो ब्रेक तिथल्या तिथे काढायला लावला. घरी येताना गाडी अलगद थांबत होती. दारातही अलगदच थांबली, फक्त फाटक तिने स्वतःच उघडलं आणि दोन कुंड्या आडव्या केल्या.

मास्तरांनी आधी कुंड्यांकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. जन्मभर आधी शिकाऊ माणसाने ब्रेक दाबायचा आणि तो चुकला तर मास्तरांनी. त्यांचा पाय अजून त्या शिकाऊ माणसाचीच वाट बघत होता.

"मी मागे बसू का उद्या?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाडी परत गॅरेजकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी दोघं लेकीकडे धडधाकट पोचले.

"प्रवास कसा झाला, बाबा?" लेकीने विचारलं.

"उत्तम. जुनी गाडी आहे, ब्रेक दाबला की जरा झटका देते. चालायचंच."

मास्तरीणबाई नातीला मांडीवर घेऊन टोपडं घालत होत्या, आणि त्यांच्या पायात गोळे आले होते.