टॅबलेटचं प्रकरण

"मामा, मला एक टॅबलेट घ्यायचाय. पेनवाला," रविवारी जेवताना अक्षया म्हणाली, आणि आमटी वाढणाऱ्या कुमुदचा हात वाटीवरच थांबला. नवरा आता काय म्हणणार हे तिला त्याच्याकडे न बघताही कळलं होतं.

"केस पुट अप कर," भालचंद्र डबीर म्हणाले.

डबीर जुलैच्या एकतीस तारखेला केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी खरेदी विभागात काढली होती. स्टेपलरपासून एअर कंडिशनरपर्यंत सगळं त्यांच्या सहीनं आलं आणि एकाही खरेदीवर कधी ऑडिटची हरकत आली नाही, हे ते अभिमानानं सांगत. थंडीत मागवलेले हीटर मे महिन्यात पोचत, हे मात्र ते सांगत नसत. ते कुमुद सांगायची.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून दोघं शहराबाहेर इंदिरापुरमला आली. पंधरा वर्षांपूर्वी उसाच्या शेतात उभं राहून बुक केलेला फ्लॅट एकदाचा ताब्यात आला होता. सोसायटीचं नाव रॉयल मेडोज. राजा नव्हता आणि कुरणही नव्हतं, पण गेटवरचा गार्ड येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचा. मुलगा प्रतीक बंगळूरला. डबीरांना करायला काहीच उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर हाती घेतलं. ऑगस्ट संपेपर्यंत प्रत्येक डब्यावर क्रमांकाची चिठ्ठी लागली होती, आणि मोहरी हवी असेल तर आधी भिंतीवरची यादी वाचावी लागत होती. कुमुद अगदी मेटाकुटीला आली होती.

अक्षया ही डबीरांची भाची. परभणीची. मुनिरकातल्या चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहून तिचा यूपीएससीचा अभ्यास चालला होता. प्रीलिम्स नुकतीच बरी गेली होती आणि डिसेंबरच्या मध्यात मेन्स होती. तिच्या नोट्सच्या बावीस वह्या होत्या. खोलीच्या भिंतीला ओल आली आणि त्यातल्या पाच वह्यांचा लगदा झाला.

"मला हातानं लिहिल्याशिवाय काही लक्षातच राहत नाही, मामा," ती काकुळतीला येऊन सांगत होती. "त्यावर पेननं लिहिता येतं, आणि हवं ते शोधलं की लगेच सापडतं. बाबा म्हणालेत, हा शेवटचा चान्स. नाही झालं तर सामान उचलायचं आणि परभणी. तीन महिने आहेत फक्त."

"बिल्कुल घेऊ," मामा म्हणाले. "पण पद्धतशीर घेऊ."

संध्याकाळी त्यांनी खोक्यातून एक कोरी फाईल काढली आणि हिरवे नोटशीट टॅगनं ओवले. हे कागद निरोपसमारंभात शिपायानं त्यांना प्रेमानं बांधून दिले होते. पहिल्या पानावर त्यांनी विषय लिहिला, 'हस्तलिखित टिपणांसाठी लेखणीसह टॅबलेटची खरेदी'. अक्षयानं दर रविवारी अकरा वाजता बैठकीला हजर राहायचं ठरलं.

"अहो, तिला एक वस्तू हवीय. दुकानात जायचं, घ्यायची, यायचं," कुमुद म्हणाली.

"अगं, कोणती घ्यायची? स्पेसिफिकेशन ठरल्याशिवाय दुकानात गेलीस तर दुकानदार त्याला हवी ती गळ्यात मारेल."

स्पेसिफिकेशन ठरवण्यात दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तिघं नोएडाच्या एका मॉलमध्ये पाहणीला गेली. तिथला विक्रेता विष्णू हा मोठा हसतमुख माणूस होता. निदान त्या दिवशी सकाळी तरी होता. त्यानं चार टॅबलेट मांडले. डबीर पहिल्यासमोर स्टुलावर बसले, चष्मा बदलला, पेन हातात घेतलं आणि 'विषयांकित प्रकरणी सादर करण्यात येते की' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं. मग तेच दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"सर, दो लाइन लिख के देख लीजिए, हो गया," विष्णू म्हणाला.

"दो लाइन में क्या पता चलेगा? आदमी तीन घंटे लिखेगा. ये देखिए, हथेली टिकाते ही लकीर आ रही है."

"सर, वो सेटिंग है. बंद हो जाएगी."

"लिख के देंगे आप?"

"क्या, सर?"

"यही, कि बंद हो जाएगी."

विष्णूनं अक्षयाकडे पाहिलं. अक्षयानं छताकडे पाहिलं. दीड तासानं चारही टॅबलेटवर मिळून अकरा पानं लिहून झाली होती आणि मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. डबीरांनी विष्णूचं कोटेशन घेतलं, पण एका कोटेशनवर भागणार नव्हतं. नियमाप्रमाणे तीन लागत. मग लक्ष्मीनगर झालं, मग नेहरू प्लेस झालं. भावांचा तक्ता तयार झाला आणि डबीर तो घेऊन नवव्या मजल्यावर गेले.

नवव्या मजल्यावर हरिदास मुळे राहत होते. तेही निवृत्त. त्यांची हयात दुसऱ्या एका मंत्रालयाच्या वित्त शाखेत, इतरांच्या फायलींवर शंका काढण्यात गेली होती. फाईल आली म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. चहासुद्धा न विचारता त्यांनी ती ठेवून घेतली आणि चार दिवसांनी परत पाठवली. वर लिहिलं होतं, 'वही हे साधन उपलब्ध असताना टॅबलेटची निकड स्पष्ट करावी.'

"माणूस हुशार आहे," डबीर खूश होऊन म्हणाले आणि निकड स्पष्ट करायला बसले. ती साडेतीन पानं झाली. तोवर दोन दुकानांचे भाव बदलले आणि तिसरीकडे ते मॉडेलच यायचं बंद झालं.

"मग आता?" कुमुदनं विचारलं.

"आता काय, फेरनिविदा."

कुमुदच्या डोक्यात तिडीक गेली. सप्टेंबर संपत आला होता. पोरगी उरलेल्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून उशाशी घेऊन झोपत होती, आणि हा गृहस्थ फेरनिविदा म्हणतोय! चौतीस वर्षं हीटर मे महिन्यात आले ते आले, पण ही मेन्स काही मेपर्यंत थांबणार नव्हती. कुमुद पहाडगंजच्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवून घरी बसली होती. तिला कुणाच्या सहीची गरज नव्हती. मंगळवारी भाजी आणायला जाते असं सांगून ती थेट विष्णूच्या दुकानात गेली.

"आंटीजी," विष्णूनं आधी तिच्या मागे दारापर्यंत पाहून घेतलं, "अंकलजी नहीं आए ना?"

"नहीं."

"तो जो बोलेंगी, वो रेट लगा दूँगा."

बारा मिनिटांत खरेदी झाली. तिथूनच ती मुनिरकाला गेली, धापा टाकत चौथा मजला चढली आणि खोकं अक्षयाच्या हातात ठेवलं. अक्षयानं आधी खोकं उघडलं, मग पेन बाहेर काढलं आणि मग मामीच्या गळ्यात पडून रडली.

"मामांना कसं सांगायचं?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"मीच सांगते आज," कुमुद म्हणाली.

पण तिला ते सांगता आलं नाही. ती घरी आली तेव्हा डबीर फोनवर बोलत होते. "नाही हो, वेळच मिळत नाही. एक प्रकरण चालू आहे. हो, जरा गुंतागुंतीचं आहे." जुलैनंतर असा खणखणीत आवाज तिनं ऐकलाच नव्हता. फाईल सुरू झाल्यापासून त्यांनी एकाही डब्याला हात लावलेला नाही, हेही तिला आत्ताच जाणवलं. तिनं निमूटपणे भाजी निवडायला घेतली, आणि मग लक्षात आलं की भाजी आणलेलीच नाही.

तेव्हापासून रविवारच्या बैठकीला अक्षया टॅबलेट पिशवीत लपवून यायची आणि टॅबलेट नसल्याचं दुःख चेहऱ्यावर ठेवायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी डबीर बॅटरीच्या आयुष्याबद्दल वाचून दाखवत असताना पिशवी वाजली. एकदा वाजली, दोनदा वाजली, आणि मग थरथरायला लागली.

"हे काय?" डबीर थांबले.

"मिक्सर," कुमुद म्हणाली.

"पिशवीत?"

"दुरुस्तीला द्यायचाय. अधूनमधून आपोआप चालू होतो."

डबीरांनी चष्म्यावरून पिशवीकडे पाहिलं, मग अक्षयाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा निळा डाग कायम असायचा. मग ते पुन्हा बॅटरीकडे वळले. कुमुदनं सुटकेचा निःश्वास टाकला.

खरी पंचाईत दिवाळीनंतर झाली. हरिदास मुळे फराळाला आले, दोन चकल्या खाल्ल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत फाईलवर 'संमती आहे' लिहून मोकळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवी शंका न काढता संमती दिली असावी. आणि तीही नेमकी इथे!

"झालं!" डबीर म्हणाले. "उद्या ऑर्डर देतो."

कुमुदला पुढचं सगळं दिसलं. उद्या दुसरा टॅबलेट येणार, विष्णू दारातच 'आंटीजी तो ले गयी थीं' म्हणणार, आणि सगळं बिंग फुटणार. ज्या फाईलनं तिचा जीव खाल्ला, तीच फाईल अडवायची पाळी तिच्यावर आली होती.

"पण चार्जरचं काय?" ती एकदम ओरडली.

"चार्जरचं काय?"

"तो... कुठल्या पिनचा असेल? मुनिरकात तिच्या खोलीला एकच सॉकेट आहे. त्यात तिघी मुली. मोबाईल लावायचे की हे? विचार नको करायला?"

हे बोलताना तिची तिलाच लाज वाटली. पण डबीर खाली बसले. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "रास्त मुद्दा आहे," ते म्हणाले.

चार्जरवर दहा दिवस निघाले. त्यानंतर कुमुदनं पेन हरवलं तर नवं कुठे मिळेल ते काढलं. मग उन्हात स्क्रीन दिसतो का, हे काढलं. अक्षयानंही जोडाक्षरांची शंका काढली आणि आठवडाभराची सोय झाली. कुमुद वैतागानं अर्धी झाली होती. भाजी चिरताना तिला नवे आक्षेप शोधावे लागत होते. एकदा दूध उतू गेलं तेव्हा ती टॅबलेटच्या कव्हरचा रंग हा आक्षेप होऊ शकतो का, याचा विचार करत होती. बैठक झाली की अक्षया मात्र दोन पोळ्या जास्त खाऊन प्रतीकच्या खोलीत दार लावून अभ्यास करायची आणि संध्याकाळी तिघी मैत्रिणींचा डबा घेऊन परतायची.

मेन्सच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी विषय होता वॉरंटी. तो अनिर्णित राहिला. संध्याकाळी अक्षया दोघांच्या पाया पडली.

"टॅबलेटशिवायच जावं लागतंय तुला," डबीर म्हणाले.

"चालेल, मामा. तयारी झालीय," अक्षया खाली बघत म्हणाली.

डबीर तिला ई-रिक्षात बसवून द्यायला खाली गेले. कुमुदनं टेबलावरची फाईल उचलली. आता ही कायमची माळ्यावर टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. टॅग सैल झाल्यामुळे शेवटची पानं घसरून खाली पडली. ती उचलताना तिला नवऱ्याचं अक्षर दिसलं आणि ती उभ्यानंच वाचू लागली.

'१२ ऑक्टोबर. लाभार्थीकडे टॅबलेट आधीच असल्याचे निदर्शनास आले. पिशवी वाजली. बोटावर शाई नाही. खरेदी बहुधा कुमुद यांनी केली असावी. खरेदी योग्य. तथापि रविवारच्या बैठका चालू ठेवाव्यात. मुलगी दोन वेळा पोटभर जेवते आणि घरात माणूस असते.'

त्याखाली लिहिलं होतं, '२ नोव्हेंबर. वित्ताची संमती अनपेक्षितपणे आल्याने अडचण निर्माण झाली होती. सुदैवाने कुमुद यांनी चार्जरबाबत आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य नाही. मान्य.'

कुमुद खुर्चीत बसली. दीड महिना! दीड महिना तिनं झोप घालवून आक्षेप शोधले, आणि हा माणूस ते मान्य करत बसला होता! तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि 'मान्य'च्या खाली लिहिलं, 'चर्चा करावी. आत्ता.'

डबीर वर आले. उघडी फाईल पाहून दारातच थांबले. मग हळूच आले, चष्मा लावला, तिची ओळ वाचली.

"लबाड आहात तुम्ही," कुमुद म्हणाली. "माझ्या मेंदूचा भुगा झाला चार्जरपायी!"

"मुद्दा चांगला होता गं."

"तथ्य नाही लिहिलंय!"

डबीर समोर बसले. अक्षयाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "पुढच्या रविवारी ती यायची नाही," ते म्हणाले. "मग अकरा वाजता काय करायचं, काही कळत नाही."

कुमुदला त्यांचा राग आला होता, आणि तो तसाच होता. त्याच रागात तिनं एक कोरा हिरवा कागद ओढला आणि त्यांच्यापुढे आपटला.

"तिला इंटरव्ह्यूला साडी लागेल. सुती."

"अगं, अजून मेन्स व्हायचीय."

"तुमच्या पद्धतीनं घ्यायची तर आत्ताच सुरू करा," कुमुद म्हणाली. "तर कुठे एप्रिलपर्यंत हातात पडेल."

डबीरांनी पेनचं टोपण काढलं.

"काठ केवढा हवा?" त्यांनी विचारलं.